थोरलीचं पाल

"उठताना जमीन होती तशी करून द्यायची."

थोरली हे दिवसातून कितीदा म्हणायची त्याला धरबंध नव्हता. राहायचं कापडी पाल उठवताना तर म्हणायचीच, पण दवाखान्यातल्या बाकावरून उठतानाही म्हणायची आणि हाताने बाक झटकायची. शेजारणीचं पातेलं परत करताना म्हणायची. एकदा दोन जण हातघाईवर आले, त्यांना सोडवल्यावर तिने एकाच्या सदऱ्याची बटणं लावली, दुसऱ्याची कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "हां, आता होती तशी झाली." सगळे हसले. थोरली हसली नाही. तिच्या लेखी ती विनोदाची गोष्टच नव्हती.

तिचे लोक धार लावणारे. सुऱ्या, कात्र्या, कोयते, न्हाव्यांचे वस्तरे. पुरुष सायकलीला धारेचा गोल दगड जोडून गल्लोगल्ली फिरायचे आणि बायका पालं सांभाळायच्या, दोर वळायच्या, फाटलेलं शिवायच्या. एका गावातली सगळी पाती लखलखली की तिथे काम उरायचं नाही. मग उठायचं. "आपला धंदा उफराटा," थोरलीचा नवरा जिवंत असताना म्हणायचा, "हात चांगला चालला की पोट बंद."

उठण्याची रीत ठरलेली होती. पाल उतरलं की त्या घरातली मोठी बाई चुलीतली राख गोळा करून वाहत्या पाण्यात सोडायची. चुलीचे दगड लांब लांब फेकायची. मेखांची भोकं मातीने बुजवायची, वरून गवताची उपटून आणलेली ढेकळं बसवायची. शेवटी मागे मागे सरकत झाडू मारायची, म्हणजे तिच्या स्वतःच्या पावलांचासुद्धा ठसा राहू नये. कारण साधं होतं. आसपास कुठेही चोरी झाली की पहिलं बोट पालांकडे वळायचं. काल इथे कोण होतं याची खूणच नसली, तर माग काढत येणार कोण आणि कसा? भीतीपोटी पडलेली रीत, पण थोरलीच्या हातात आल्यावर तिला कसबाची झळाळी आली होती. तिने पुसलेल्या जागेवरून कुत्रंसुद्धा वास न घेता पुढे जातं, असं तिच्या माघारी लोक म्हणायचे. तिच्या समोर म्हणाले तर ती मान खाली घालायची, पण ओठ मुडपून.

थोरलीच्या सुनेला हे सगळं तोंडपाठ होतं, आणि त्यातलं काहीच तिला आवडत नव्हतं.

सून पालातच जन्मली, पालातच नांदायला आली. पालाची तिला लाज नव्हती. तिचा राग एवढ्यावरच होता की पालाला कडी नसते. अंघोळ करायची तर उजाडायच्या आत, आणि तेव्हाही कुणीतरी चादर धरून उभं राहायचं. नवऱ्याशी दोन शब्द भांडावं तर शेजारच्या पालातून सल्ला यायचा. पोरगी झाली तेव्हा रस्त्याने जाणारा एक दारुडा आत डोकावून "काय झालं, मुलगा की मुलगी?" असं विचारून गेला होता. ही आठवण घरात सगळे खिदळत सांगायचे. सून तेवढ्यापुरती उठून बाहेर जायची. पोरगी आता वाढत होती. ती मोठी व्हायच्या आत आतून लावता येईल अशी कडी असलेलं एक दार हवं, एवढं एकच मागणं तिने देवाकडे, नवऱ्याकडे आणि सरकारकडे लावून धरलं होतं. तिघेही सारखेच बहिरे होते.

त्यांची पालं तेव्हा काचेच्या एका बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मैदानात होती. पुढे जायला कारण उरलं नाही म्हणून ते तिथे थांबले होते. लोक आता सुरी बोथट झाली की फेकून नवी आणायचे. सुनेचा नवरा सायकल घेऊन जायचा आणि बरेचदा होता तसा परत यायचा. वर्षं गेली. थोरलीचा नवरा त्याच मैदानात गेला. मातीत जिथे हात घालावा तिथे काचेचे तुकडे निघायचे आणि पोरांचे तळवे कायम कापलेले असायचे.

मग कचेरीतून सांगावा आला. मैदान मोकळं करायचं आहे. बदल्यात नाल्यापलीकडे बांधलेल्या खोल्या मिळतील. मोजणीदार येईल, जे पाल उभं दिसेल त्यावर रंगाने आकडा टाकेल. ज्या पालावर आकडा, त्याला खोली. पुढच्या आठवड्यात कधीही.

सून त्याच दिवशी खोल्या बघायला गेली. सुतार दारं बसवत होता. ती एका खोलीत शिरली, दार लोटलं, कडी लावली, काढली, पुन्हा लावली. बराच वेळ आतून खटखट ऐकू आल्यावर सुतार म्हणाला, "अहो बाई, झिजेल ती!"

"झिजू दे," आतून उत्तर आलं. "माझीच आहे."

"मग राहायला आल्यावर झिजवा की. मला दुसऱ्या बाजूने बिजागरी ठोकायची आहे."

ती हसत बाहेर आली. घरी पोचेपर्यंत हसतच होती. नवऱ्याला वाटलं, बायकोला रस्त्यात काहीतरी सापडलं.

एक चित्रवाली बाई त्याच दिवसांत पालांवर येऊ लागली होती. आधी नुसती चित्रं काढायची. खुर्ची दिली तर नको म्हणायची, मातीत बसायची, दिला तो चहा प्यायची. शहरातल्या कलादालनात ती एक मोठं प्रदर्शन मांडणार होती, घर या गोष्टीवर. फिरणाऱ्या माणसांचं घर, हलणारं घर, घर नसलेल्यांचं घर. "घर म्हणजे काय, हा प्रश्न लोकांना पडायला हवा, आजी," असं ती थोरलीला सांगायची.

"प्रश्न पाडायला एवढं मोठं दालन लागतं?" थोरली म्हणायची. "आमच्याकडे पाऊस आला की आपोआप पडतो."

बाई मनापासून हसायची. ती लबाड नव्हती. सुनेने पुढे कितीही शिव्या घातल्या तरी लबाड हा शब्द तिने बाईसाठी कधी वापरला नाही.

थोरलीचं पाल त्या सगळ्या पालांत जुनं. जुनं म्हणजे काय, त्यातला एकही तुकडा मूळचा नव्हता. थोरलीच्या सासूने त्यात ट्रकची ताडपत्री जोडली होती, थोरलीने छत्र्यांचं काळं कापड, पिठाच्या गोण्या, कुणा शिपायाची घोंगडी, निवडणुकीचा एक फलक, ज्यावरच्या पुढाऱ्याचा अर्धा कान अजून दिसायचा. दर वर्षी एका बाजूने विरायचं आणि दुसऱ्या बाजूने ती शिवत यायची. एक दिवस चित्रवाल्या बाईने त्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आजी, हा टाका कुणी शिकवला तुम्हाला?"

थोरलीला आयुष्यात हे कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याने नाही, मुलाने नाही. सून तर पाल म्हटलं की तोंड फिरवायची. थोरली "बघून बघून आला," एवढंच म्हणाली. पण त्या संध्याकाळी तिने सगळ्या शिवणी एकदा चाचपून पाहिल्या.

दोनच दिवसांनी बाईने पाल मागितलं. विकत नको, प्रदर्शनापुरतं. थोडेच दिवस. तोवर झोपायला ती चांगली नवी ताडपत्री देईल. आणि थोरलीने स्वतः येऊन दालनात ते उभं करून द्यावं.

"मोजणी होऊ द्या," सून म्हणाली. "मग न्या. कायमचं न्या. मी स्वतः डोक्यावर घेऊन येते."

"उद्घाटन जवळ आलंय गं," बाई म्हणाली. "मोजणी पुढच्या आठवड्यात ना? त्याच्या आधी मी दुसरं कापड देऊन इथे हुबेहूब पाल उभं करून देते. शब्द देते."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. तो सायकलीच्या साखळीत गुंतला होता. "आईचं पाल आहे," तो म्हणाला, "आई ठरवेल."

"पाल आईचं. आणि डोकं? तेही आईकडेच ठेवलंय का तुम्ही?"

थोरली मध्ये पडली. "ओरडू नकोस. चार लोक बघतील तरी. जन्मभर शिवलं, कुणी बघितलं?"

पाल उतरलं. इथवरसुद्धा बिघडलं नसतं. सून म्हणाली, "आई, चूल राहू द्या. मेखा राहू द्या. दोन भांडी ठेवते मी मध्ये. पुन्हा इथेच तर उभं करायचंय."

थोरलीने झाडू शोधायला सुरुवात केली होती.

"आई, ऐकता का? आपण उठत नाही आहोत. पाल फक्त धुवायला काढल्यासारखं आहे हे."

"पाल उतरलं की उतरलं," थोरली म्हणाली. "उतरल्या पालाची चूल उघडी ठेवतात कधी? मेलेल्याच्या घरची असते तशी? माझ्या हातून नाही होणार."

"पण कुणी मागे लागलंय का आपल्या?"

"तुला काय माहीत कोण कोणाच्या मागे लागतं ते."

सुनेने झाडू धरला. थोरलीने हिसकावला. मग चुलत जावेने पुढे येऊन सुनेलाच बाजूला केलं, "जाऊ दे गं, म्हातारं माणूस आहे, करू दे तिच्या मनासारखं." थोरलीने मनासारखं केलं. राख डब्यात भरून नाल्याला सोडून आली. मेखांची भोकं बुजवली. ढेकळं आणली, गवताचं गवताला जुळवून बसवलं, वर पाणी शिंपडलं, आणि कमरेत वाकून, मागे मागे सरकत, शेवटचा झाडू मारला. इतकं सुंदर तिने बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं. कारण बऱ्याच वर्षांत उठायलाच मिळालं नव्हतं. मग ती बाईच्या गाडीत पालाच्या गुंडाळीशेजारी बसून गेली आणि काम मोठं म्हणून त्या दिवशी बाईच्याच घरी राहिली.

मोजणीदार सांगितल्याच्या आधीच, दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

त्याच्या हातात रंगाचा डबा आणि कुंचला. माणूस वाईट नव्हता, आणि सुनेला पुढे तेच जड गेलं. वाईट असता तर शिव्या घालून मोकळी झाली असती. एकेका पालावर आकडा टाकत तो तिच्यापाशी आला. पोरगीला कडेवर घेऊन ती गवतावर उभी होती. बाईची ताडपत्री अजून आली नव्हती, म्हणून रात्री ते चौघांऐवजी तिघे चुलत दिराच्या पालात दाटीवाटीने झोपले होते.

"तुमचं कोणतं?" मोजणीदाराने विचारलं.

"हे."

"हे कोणतं?"

"इथेच होतं, साहेब. काल उतरवलं. प्रदर्शनात नेलंय."

"कशात?"

तिने सांगितलं. सांगताना तिलाच ते खोटं वाटू लागलं. चुलत दीर पुढे आला, "राहतात साहेब, इथेच राहतात," म्हणाला. मोजणीदाराने मान हलवली.

"हे बघा, परवा दुसऱ्या मैदानात लोकांनी गावाकडचे पाहुणे आणून उभे केले होते, आम्ही इथलेच म्हणून. शपथा घेऊन. तेव्हापासून तोंडी काही धरायचं नाही असा हुकूम आहे. पण काहीतरी दाखवा मला. चूल दाखवा."

"चूल पुसली."

"कुणी?"

"सासूने."

"का?"

"आमच्यात पुसतात."

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "मेखांची भोकं तरी?"

"बुजवली."

"राख असेल की खाली. चूल पेटली तिथे राख राहतेच."

सुनेने पोरगी जावेकडे दिली आणि गुडघ्यावर बसली. ढेकूळ उपटलं. नखांनी माती उकरली. ओली, काळी, स्वच्छ माती. आणखी एक ढेकूळ. तिला चुलीची जागाच नक्की सापडेना. जिथे ती वर्षानुवर्षं रोज दोनदा बसत होती, ती जागा. मोजणीदारही खाली बसला, कुंचल्याच्या दांड्याने त्याने इकडे तिकडे टोकरून पाहिलं. सुनेच्या बोटात काच घुसली. रक्त आलं.

"राख नाल्यात सोडतात ना," मागून जाऊ म्हणाली. मदत म्हणूनच म्हणाली.

मोजणीदार उठला, गुडघे झटकले. "बाई, मी इतकी वर्षं हे काम करतोय," तो म्हणाला. "पण इथे कुणी कधी राहिलं होतं असं मला शपथेवर सांगता येणार नाही." आणि पुढच्या पालाकडे गेला.

थोरली संध्याकाळी आली ती फुलून. "अगं, काय ते दालन! जमीन नुसती आरशासारखी. मेख ठोकायची सोयच नाही. मग वाळूच्या गोण्या मागवल्या मी, त्यांना दोर बांधले. सगळे बघत उभे. तो तिथला व्यवस्थापक म्हणतो, आजी, तुम्ही इंजिनियर आहात..."

"मोजणीदार येऊन गेला," सून म्हणाली.

थोरली थांबली. तिने आजूबाजूच्या पालांवरचे लाल आकडे पाहिले. मग आपली जागा पाहिली, उकरलेली.

"त्याला काही दिसलं नाही?"

"काही नाही. त्याने स्वतः खणून बघितलं."

"काहीच नाही?"

आणि तेव्हा, अगदी क्षणभर, थोरलीच्या ओठांच्या कडेला ते मुडपणं आलं. कसब फत्ते झाल्याचं. लगेच विरलं, तोंड काळवंडलं, ती मटकन खाली बसली आणि कपाळ बडवून घेऊ लागली. ते रडणं खरं होतं. पण सुनेने तो क्षण पाहिला होता. खोली गेल्याचं दुःख तिने पुढे गिळलं असतं. तो क्षण तिच्या घशाखाली कधीच उतरला नाही.

चित्रवाली बाई हे कळल्यावर पांढरीफटक पडली. सुनेला घेऊन कचेरीत गेली, चूक माझी म्हणाली, पालाचे फोटो दाखवले. तिथल्या साहेबाने ते सगळे बघितले.

"छान आहेत. पण पाल आत्ता उभं कुठे आहे?"

"कलादालनात."

"मग खोली कलादालनाकडे मागा," साहेब म्हणाला आणि शेजारच्या टेबलाकडे बघून हसला.

सून उठली. बाई मात्र ते वाक्य घेऊन खरोखरच कलादालनाच्या व्यवस्थापकाकडे गेली. दालनामागे पहारेकऱ्याची एक खोली रिकामी होती. व्यवस्थापक विचारात पडला, मग म्हणाला, "मुलाला पहारेकरी ठेवू. कुटुंबाने खोलीत राहावं. पण रिकाम्या पालापाशी लोक थांबत नाहीत हो. आजी दिवसभर पालात बसल्या तर प्रदर्शन पुढेही चालू ठेवता येईल. प्रदर्शन आहे तोवर खोली तुमची."

थोरलीने ऐकलं आणि ती उसळली. "मी काय माकड आहे, पिंजऱ्यात बसायला?"

सून शांत होती. तिने आधीच जाऊन खोलीची कडी लावून पाहिली होती.

"आई," ती म्हणाली, "लोकांनी बघावं म्हणून दिलंत ना पाल? आता बघू देत."

"पाल बघू देत. मला कशाला?"

"कारण पुसलंत तुम्ही. मी पाया पडत होते, तरी पुसलंत. आता भरा."

मुलगा दाराशी उभा होता. थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नव्या गणवेशाची वरची गुंडी लावली, काढली, पुन्हा लावली. थोरली काय समजायचं ते समजली.

ती बसू लागली. सकाळी दालन उघडायच्या आधी पालात शिरायची, बंद झाल्यावर बाहेर यायची. पालाभोवती पितळी खांब आणि जाड दोरी. बाजूला पाटी, हात लावू नये. लोक यायचे, हळू आवाजात बोलायचे, आत वाकून बघायचे. काही जण डोळे पुसायचे. काही जण थोरलीलाच प्रश्न विचारायचे.

"आजी, घर म्हणजे तुमच्यासाठी काय?"

"तुम्ही जरा बाजूला सरकलात की उजेड येईल. आधी तेवढं करा."

"एका जागी बसून कंटाळा येत नाही? तुम्ही तर फिरणारे ना?"

"तुम्ही फिरताय ना माझ्याभोवती? तेवढं पुरतं."

लोकांना ही उत्तरं फार आवडायची. ती लिहून घ्यायचे. थोरली चिडून बोलते हे फक्त सुनेला कळायचं. ती दुपारी चहा आणून द्यायची, कप घेऊन जायची. खोलीत परत आली की कडी लावायची. आत सगळं तिचं होतं. भिंतीला टेकून ती पोरीचे केस विंचरायची आणि कुणी डोकावत नाही या गोष्टीची चव घेत बसायची. पण चव होती तशी लागत नव्हती. भिंतीपलीकडे सासू बसली आहे हे विंचरता विंचरता आठवायचं आणि कंगवा अडकायचा.

मैदानातली बाकीची पालं एव्हाना भंगारात गेली होती. खोल्या मिळालेले लोक एकदा प्रदर्शन बघायला आले. चुलत जाऊ दोरीबाहेर उभी राहून म्हणाली, "बरं दिसतंय हो. जपून ठेवलंय." थोरलीने विचारलं, "तुमची पालं काय केलीत?" जाऊ म्हणाली, "ओलीच यायची खोलीत, वास यायचा." मग सगळे निघून गेले. फिरणारं असं थोरलीच्या ओळखीत एकच घर उरलं होतं, तिच्या धाकट्या बहिणीचं. त्यांची पालं डोंगरापलीकडच्या बाजाराच्या गावांना लागतात, असं कुणीतरी सांगायचं.

वाळूच्या गोण्या जमिनीसारख्या धरत नाहीत. एका बाजूचा ताण सैल पडला, दुसऱ्या बाजूला जास्त बसला, आणि पालाच्या तोंडाशी शिवण उसवली. थोरलीने सुई-दोरा काढला. दोनच टाके घातले असतील.

"आजी! आजी, थांबा!" व्यवस्थापक धावत आला. "काय करताय?"

"उसवलंय."

"उसवू दे. आता हे शिवायचं नाही. ही कलाकृती आहे. आली तशी राहायला हवी."

"फाटत जाईल."

"जाऊ दे ना. त्याची नोंद आहे आमच्याकडे."

चित्रवाल्या बाईला बोलावलं. ती थोरलीपाशी खाली बसली, तिचा हात हातात घेतला. सून चहाचा कप घेऊन दोरीबाहेर उभी होती, सगळं ऐकत होती.

"आजी, खरं सांगू?" बाई म्हणाली. "लोक सगळ्यात जास्त वेळ या फाटक्या जागेपाशीच थांबतात. ती फार बोलते." मग तिने पिशवीतून लहानशी कात्री काढली आणि थोरलीने घातलेले ते दोन टाके फार जपून, कापडाला धक्का न लावता, कापून काढले.

थोरलीने सुई गुंडाळून ठेवली.

त्या संध्याकाळी खोलीत तिने सुनेला विचारलं, "न शिवता ठेवतात ते पाल कुणाचं असतं, माहीत आहे ना तुला?"

सुनेला माहीत होतं. त्यांच्यात बाई मेली की तिच्या पालाला पुन्हा सुई लावत नाहीत. उभं असेल तसं फाटू देतात.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"मग?"

मग काय, याचं उत्तर सुनेजवळ होतं. चला, उठू या, एवढंच ते होतं. तेही तिला माहीत होतं. तिने दाराकडे पाहिलं. कडी लावलेली होती. पोरगी भिंतीशी, अंगावर काही न घेता, बिनघोर झोपली होती.

"हळू बोला, आई," ती म्हणाली. "पोरगी उठेल."

थोरलीने पुन्हा तो विषय काढला नाही. काही दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना उलटी उत्तरंही देईनाशी झाली. व्यवस्थापकाला ते जाणवलं. "आजी हल्ली बोलत नाहीत," त्याने सुनेला टोकलं. "आणि मध्ये मध्ये उठून बाहेर येतात. पाल रिकामं दिसता कामा नये, सांगा त्यांना. खोलीची मागणी इतरांचीही आहे."

मग एक दुपार आली. सून चहा घेऊन दालनात शिरली तर थोरली दोरीच्या बाहेर उभी होती आणि चपला घालत होती. पाठीला लहानसं गाठोडं. पाल रिकामं. त्याच वेळी पलीकडच्या दारातून व्यवस्थापक पाहुण्यांचा मोठा घोळका घेऊन आत येत होता. त्याने रिकामं पाल पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं.

सून थोरलीकडे वळली. "आई."

थोरली चपलेचा पट्टा ओढत होती.

"आई, आत्ता नको. हे लोक जाऊ देत. मग बोलू या."

"बोलायचं काय राहिलंय?" थोरली म्हणाली. आवाजात राग नव्हता. "बहिणीकडे जाते."

"कुठे शोधणार तिला?"

"बाजार कुठे भरतो ते विचारत जाईन."

घोळका जवळ येत होता. व्यवस्थापक मोठ्याने सांगत होता, "आणि आता आपण या प्रदर्शनाच्या गाभ्याशी आलो आहोत." सुनेने चहाचा कप जमिनीवर ठेवला. दोरी उचलली, वाकली आणि पालात शिरली. थोरली बसायची तिथे बसली. तिने ठरवून काही केलं नाही, तिच्या गुडघ्यांनीच ते केलं.

थोरलीने ते पाहिलं. आता ती काहीतरी बोलेल, शिवी देईल, थुंकेल, असं सुनेला वाटलं.

"पाय आत घे," थोरली म्हणाली. "चपला दिसल्या की लोक त्यांचंच विचारत बसतात."

आणि ती निघाली. आरशासारख्या जमिनीवरून, घाई न करता. काचेच्या मोठ्या दाराशी तिचा मुलगा गणवेशात उभा होता. दिवसभर सगळ्यांना उघडतो तसं त्याने दार उघडलं. "आई, कुठे? चहाला?" त्याने विचारलं. थोरलीने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि मान हलवली, हो अशी की नाही अशी, ते पालातून कळलं नाही. त्याने दार सोडलं. दार आपोआप बंद झालं.

"या त्या आजी नव्हेत ना?" घोळक्यातल्या कुणीतरी विचारलं.

"त्याच घरातल्या," व्यवस्थापक म्हणाला. "पुढची पिढी."

माणसं दोरीपाशी दाटली. एक बाई वाकली, तिचा चेहरा दयाळू होता. "घर म्हणजे तुमच्यासाठी काय, ताई?" तिने विचारलं. सून उत्तर देण्याऐवजी एका बाजूला कलली, कारण त्या बाईच्या खांद्यामुळे दार दिसत नव्हतं. दोन पायांच्या फटीतून काच दिसली, काचेपलीकडचं अंगण, फाटक. थोरली फाटकाबाहेर थांबली होती. एक ट्रक जाऊ दिला, मग तिने रस्ता ओलांडला आणि डोंगराच्या दिशेला वळली. कुणीतरी फोटो काढला. सुनेने पाय आत घेतले आणि पालाच्या तोंडातून, गाठोडं दिसत होतं तोवर, बघत राहिली.